कोरी जागा आणि शून्य

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही जुन्या ग्रंथालयात अधूनमधून असे दिवस येतात, की देवघेव बंद ठेवून ग्रंथांची मोजदाद केली जाते. एक जण दाखल नोंदवहीतील क्रमांक मोठ्याने वाचतो, दुसरा कपाटापुढे उभा राहून ते पुस्तक शोधतो. पुस्तक मिळाले की क्रमांकापुढे खूण होते. मिळाले नाही, तर जाणता ग्रंथपाल घाईने काहीच लिहीत नाही. पुस्तक सभासदाच्या घरी आहे काय, बांधणीला गेले आहे काय, शेजारच्या विषयाच्या कपाटात चुकून लागले आहे काय, हे तो क्रमाने पाहतो. आणि सर्व वाटा संपल्या म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहितो : ‘आढळले नाही’.

या दोन शब्दांत मोठी सचोटी आहे. ते पुस्तक ग्रंथालयात कधी नव्हतेच, असा त्यांचा अर्थ होत नाही. ते असेलच कुठेतरी, असाही होत नाही. जे ठाऊक आहे तेवढेच त्यांत सांगितलेले असते. आजचे विवेचन याच सचोटीविषयी आहे. मात्र येथे कपाटांच्या जागी संगणक आहे, पुस्तकांच्या जागी वैज्ञानिक मोजमापांच्या फाइली आहेत, आणि वाचकाच्या जागी त्या फाइलींवरून आलेख व नकाशे काढणारा अभ्यासक आहे. त्याला फाईल सापडत नाही, किंवा सापडूनही चित्र चुकीचे उमटते, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते आणि ते कसे शोधावे, हा प्रस्तुत विषय होय.

पुण्यातील पावसाची वही

विज्ञानातील मोजमापे आज बहुतांशी आकड्यांच्या रूपाने संगणकात साठविलेली असतात. लक्षावधी आकडे नुसते वाचून त्यांचा अर्थ लागत नाही. यास्तव त्यांना रेषांचे, रंगांचे आणि नकाशांचे रूप देणारी सॉफ्टवेअरे निर्माण झाली. हवामानशास्त्रात दीर्घकाळ वापरात असलेले असे एक सॉफ्टवेअर म्हणजे ‘ग्रॅड्स’. अमेरिकेतील ब्रायन डोटी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते रचले. ते विनामूल्य मिळत असल्याने भारतातील हवामानाच्या अभ्यासकांतही रुळले.

या सॉफ्टवेअरने जे नकाशे काढले जातात, त्यांचा एक मोठा साठा पुण्यात तयार झालेला आहे. भारत हवामानशास्त्र विभागाने १९०१पासूनच्या दैनंदिन पावसाची जाळीबद्ध नोंद तेथे सिद्ध केली. तिच्यासाठी देशभरातील ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी उपयोगात आणल्या गेल्या. अर्थात प्रत्येक केंद्राची प्रत्येक दिवसाची नोंद उपलब्ध होती असे नाही. देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाच्या अंतराने आडव्या-उभ्या रेषा कल्पिल्या आहेत, आणि त्या जेथे छेदतात त्या प्रत्येक बिंदूवर त्या दिवशीचा पाऊस आसपासच्या केंद्रांवरून गणिताने काढून ठेवला आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे ६६.५ ते १०० अंश रेखांशांपर्यंत १३५ बिंदू आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे ६.५ ते ३८.५ अंश अक्षांशांपर्यंत १२९ बिंदू, अशी ही जाळी आहे.

आता उदाहरणादाखल बेळगावातील भूगोलाची एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरताना पाऊस कसा आणि किती झपाट्याने घटतो, याचा नकाशा तिला काढावयाचा आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस, खानापूरच्या भाताला पुरणारा पाऊस आणि गोकाकच्या बाजूचा तुटपुंजा पाऊस यांत अंतर थोड्याच कोसांचे असले, तरी पिकांत आणि जगण्यात पडणारा फरक मोठा आहे. असा नकाशा चुकला तर तो केवळ प्रबंधात चुकत नाही. उद्या त्याच्या आधारे पाण्याचे किंवा पिकाचे नियोजन करणाऱ्याच्या हातीही चूकच पडते.

फाईल सापडत नाही

या विद्यार्थिनीने एका प्राध्यापकांकडून दोन फाइली आणल्या. एक अगदी लहान, साध्या मजकुराची. दुसरी भली मोठी, आकड्यांची. लहान फाइलीला वर्णनाची फाईल म्हणता येईल. आकड्यांची फाईल कोणती, ती कोठे आहे, तीत किती बिंदू आहेत, पहिला दिवस कोणता, आणि आकडा उपलब्ध नसल्यास तेथे कोणती खूण लिहिली आहे, हे सर्व तीत नमूद असते. थोडक्यात, लहान फाईल हे तालिकेतील पत्र आणि मोठी फाईल हे प्रत्यक्ष पुस्तक होय. ग्रॅड्स आधी पत्र वाचते आणि मग पुस्तकाकडे जाते.

विद्यार्थिनी आज्ञा देते, आणि पडद्यावर उत्तर येते की फाईल उघडता आली नाही. येथे पहिला प्रश्न असा विचारावयाचा, की पत्र सापडले नाही, की पत्र सापडले परंतु त्यावर लिहिलेल्या जागी पुस्तक नाही? पुष्कळ जण हा प्रश्न न विचारताच सॉफ्टवेअर पुन्हा बसवू लागतात, आणि दिवस वाया घालवितात. त्या संदेशात कोणत्या फाइलीचे नाव आले आहे हे शांतपणे वाचले, तर निम्मे कोडे तेथेच सुटते.

पत्रच सापडत नसेल, तर बहुधा सॉफ्टवेअर भलत्याच फोल्डरात उभे असते. केवळ फाइलीचे नाव सांगितले म्हणजे संगणक ती फक्त चालू फोल्डरात पाहतो. ती शेजारच्या फोल्डरात असली तरी आपण होऊन तेथे जात नाही. दुसरे कारण नावातच असते. लिनक्स प्रणालीत इंग्रजीतील मोठी व लहान अक्षरे वेगळी मानली जातात. एका अक्षराचा फरक पडला तरी ती निराळी फाईल ठरते. विंडोजमध्ये नावाचे शेपूट पुष्कळदा लपविलेले असते. नोटपॅडमध्ये वर्णन लिहून ते ‘डॉट सीटीएल’ या नावाने जतन केले असे विद्यार्थिनीस वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मागे ‘डॉट टीएक्सटी’ हे आणखी एक शेपूट जोडले गेलेले असते आणि डोळ्यांना ते दिसत नाही. फाइलींची शेपटे दिसू द्यावीत, अशी सूचना संगणकाला एकदा दिली की हा घोटाळा उघड होतो.

पत्र सापडले आणि पुस्तक सापडले नाही, तर त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पत्रावरील पत्ता दुसऱ्या घरचा असतो. प्राध्यापकांनी वर्णनात आपल्या संगणकातील फोल्डरांचा सविस्तर मार्ग लिहिलेला असतो. विद्यार्थिनीच्या संगणकात त्या नावाचे फोल्डरच नसते. यावर ग्रॅड्समध्ये एक सुटसुटीत उपाय आहे. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवाव्यात आणि वर्णनात आकड्यांच्या फाइलीच्या नावाआधी टोपीसारखे ‘^’ हे चिन्ह लिहावे. ‘हे पत्र जेथे आहे तेथेच पुस्तक पाहा’, असा त्याचा अर्थ होतो. मग ती जोडी कोणत्याही संगणकात नेली तरी ताटातूट होत नाही.

फाईल पुरी आहे काय?

फाईल उघडली, एवढ्यावरून ती पूर्ण आहे असे ठरत नाही. पाने गळालेले पुस्तकही कपाटात उभे राहते. इंटरनेटवरून उतरवून घेताना मध्येच संपर्क तुटला, तर फाइलीचे नाव तेच राहते, पण आतील अखेरचे महिने नाहीसे होतात. ही तपासणी मात्र अत्यंत सोपी आहे, कारण येथे पाने मोजता येतात.

जाळीत १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू आहेत. प्रत्येक आकड्याला ४ बाइट जागा लागते. म्हणजे एका दिवसाला ६९,६६० बाइट. साध्या वर्षाचे ३६५ दिवस धरले तर फाईल बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची असावयास हवी, आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची. संगणकात दिसणारा आकार याहून एका बाइटानेही कमी असेल, तर फाईल अपुरी आहे असे निःशंक समजावे. असा गुणाकार करण्यास पाच मिनिटे पुरतात. तो न केल्यास ऑक्टोबरनंतर पाऊस नाहीसा का झाला, याची कारणे मान्सूनच्या वर्तनात शोधली जातात.

चित्र उमटते, पण चुकीचे

फाईल सापडली, पुरीही निघाली. आता नकाशा उमटतो. यापुढच्या चुका अधिक कठीण, कारण संगणक त्यांविषयी चकार शब्द काढत नाही.

कधी नकाशावर पावसाऐवजी कल्पनेपलीकडचे आकडे दिसतात. याचे कारण पुष्कळदा बाइटांच्या क्रमात असते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस येतात; इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणताना आधी वीस आणि मग पाच. ऐकणाऱ्याने हा भेद न जाणता अंक ऐकल्या क्रमाने लिहिले, तर पंचवीसचे बावन्न होतात. संगणकांतही एकाच आकड्याचे चार बाइट लिहिण्याच्या दोन उलटसुलट रीती आहेत. फाईल एका रीतीने लिहिलेली आणि वाचणारा दुसऱ्या रीतीचा असला, की सरळ आकड्यांचा चुराडा होतो. वर्णनाच्या फाइलीत योग्य क्रम नमूद करणे हा त्यावर इलाज होय.

कधी भारताचा नकाशा पालथा पडतो. काश्मीरचे आकडे कन्याकुमारीवर येऊन बसतात. पुण्याच्या या फाइलीत आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे लिहिलेले आहेत, परंतु इतर काही संस्थांच्या फाइलींत ते उत्तरेकडून सुरू होतात. अशा वेळी तसे वर्णनात सांगावे लागते.

कधी चूक एकाच दिवसाची असते. विद्यार्थिनीने २०१९चे वर्णन २०२०च्या फाइलीस लावले आणि फक्त नाव बदलले. वर्षाचा साठावा दिवस २०१९मध्ये १ मार्च होता. २०२०मध्ये तो २९ फेब्रुवारी होता. वर्णनात वर्षारंभाची तारीख तशीच राहिल्याने मार्चपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक पाऊस एक दिवस पुढे सरकला. याच जोडीला आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. भारतात एखाद्या तारखेचा म्हणून नोंदविलेला पाऊस हा त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे त्याचा बराचसा भाग आदल्या दिवशी पडलेला असतो. उपग्रहाच्या नोंदीशी तुलना करताना हे विसरले, तर दोन्ही नोंदी खऱ्या असूनही एकमेकींस खोटे पाडतात.

सर्वांत फसवी चूक मोजणीच्या आरंभाची. बेळगावास जवळचा बिंदू १५.७५ अक्षांश आणि ७४.५ रेखांश हा होय. एकपासून मोजले तर तो तेहेतिसावा उभा आणि अडतिसावा आडवा बिंदू येतो. ग्रॅड्स एकपासून मोजते. परंतु पायथॉनसारख्या संगणकभाषा शून्यापासून मोजतात. त्यांच्या लेखी तोच बिंदू बत्तीस आणि सदतीस होय. विद्यार्थिनीने ग्रॅड्समधील ३३ आणि ३८ हे आकडे उचलून पायथॉनमध्ये घातले, की ती न कळत ईशान्येस सुमारे ३८ किलोमीटर सरकते आणि गोकाकच्या बाजूचा पाऊस बेळगावचा म्हणून मांडते. आलेख सुरेख येतो. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो, जुलैत चढतो, सप्टेंबरात उतरतो. संशय घेण्याजोगे त्यात काहीच नसते. फक्त तो आलेख बेळगावचा नसतो.

उणे नऊशे नव्याण्णव

आता या व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. पावसाच्या या फाइलीत जेथे आकडा नाही तेथे −९९९ असे लिहिलेले आहे. समुद्रावरील आणि देशाच्या सीमेबाहेरील बिंदूंवर तीच खूण आहे. पाऊस उणे असू शकत नाही, म्हणून ही खूण निवडली. वर्णनाच्या फाइलीत ‘−९९९ म्हणजे आकडा नाही’ असे लिहिलेले असले, तर सॉफ्टवेअर ती जागा कोरी सोडते. ती ओळ गळाली, तर संगणक तो खराच पाऊस समजतो. मग रंगांची पट्टी उणे हजारापासून सुरू होते, आणि शून्य ते दोनशे मिलिमीटरमधील सारा भेद एक-दोन रंगांत दडपला जातो. चेरापुंजी आणि जैसलमेर एकाच रंगात रंगतात.

एक लहानसा हिशेब पाहावा. पाच दिवसांपैकी चार दिवसांचा पाऊस २०, ३५, ५ आणि ० मिलिमीटर असा आहे. पाचव्या दिवसाची नोंद नाही. खरी सरासरी मोजलेल्या चार दिवसांची काढावयाची. ती १५ येते. पाचव्या दिवसाचे −९९९ हिशेबात धरले तर सरासरी उणे १८७.८ येते. हे उत्तर इतके विचित्र आहे, की पाहणारा थबकतो आणि चूक शोधू लागतो. परंतु विद्यार्थिनीने कंटाळून सर्व −९९९च्या जागी शून्य लिहिले, तर सरासरी १२ येते. बारा हा आकडा पूर्ण विश्वसनीय वाटतो. कोणीही थबकत नाही.

म्हणूनच या क्षेत्रातील सर्वांत घातक दुरुस्ती ही, की कोरी जागा डोळ्यांना खुपते म्हणून तेथे शून्य भरावे. चौथ्या दिवशीचे शून्य हे मोजलेले आहे. कोणीतरी पर्जन्यमापक पाहिला, पाणी नव्हते, आणि तसे लिहिले. पाचव्या दिवशी कोणी पाहिलेच नाही. एक शून्य हे ज्ञान आहे, दुसरे अज्ञान. दोन्ही एकाच अंकाने लिहिली, की पुढे जगातील कोणतेही सॉफ्टवेअर ती वेगळी करू शकत नाही.

तीन प्रसंग

हा भेद केवळ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे असे कोणास वाटू नये. गेल्या काही दशकांतील तीन प्रसंग त्याची साक्ष देतात.

पहिला अंटार्क्टिकावरील ओझोनचा. मे १९८५मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर केले, की हॅली बे या ठाण्यावर वसंत ऋतूतील ओझोन विलक्षण घटला आहे. अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८पासून वरून ओझोन मोजत होता. मग त्याला हे दिसले कसे नाही? ‘संगणकाने ते आकडे फेकून दिले’, अशी कथा पुढे सर्वत्र रूढ झाली. वस्तुस्थिती थोडी निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. १८० डॉब्सन एककांखालील आकड्यांवर संशयाची खूण करावी, अशी योजना त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्याप्रमाणे खुणा झाल्या. आकडे मात्र जपून ठेवले गेले. पवन भारतीया आणि त्यांचे सहकारी त्या खुणांच्या वाढत्या गर्दीचा शोध घेतच होते. आकडे जिवंत असल्यामुळेच लवकरच उपग्रहाच्या नोंदींवरून त्या विवराचा संपूर्ण नकाशा काढता आला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. संशयित आकडा खोडणे आणि त्यावर खूण करून तो ठेवणे, यांतील अंतर किती मोलाचे असते ते येथे दिसते.

दुसरा प्रसंग दुःखद आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील ओ-रिंग नावाच्या रबरी कड्या थंडीत ताठरल्या, हे त्याचे कारण ठरले. आदल्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत याच शंकेवर चर्चा झाली होती. काही अभियंत्यांनी उड्डाण थांबवावे असे आग्रहाने सांगितले होते. परंतु तापमानाचा विचार करताना ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढीच उड्डाणे जमेस धरली गेली. अशी उड्डाणे सात. त्यांतील काही थंड हवेतील, एक तर ७५ अंश फॅरनहाइट इतक्या उबदार हवेतील. त्यामुळे थंडीचा संबंध स्पष्ट दिसेना. चौकशी आयोगाने नंतर निर्दोष उड्डाणेही त्याच आलेखावर मांडली. तेव्हा दिसले, की ६६ अंश वा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत इजा झाली होती. ६३ अंश वा त्याखालील चारही उड्डाणांत ती झाली होती. त्या दिवशी सकाळी तापमान ३६ अंश होते. येथे प्रकार उलटा झाला होता. ‘इजा शून्य’ ही मोजलेली, खरी शून्ये होती. ती निरुपयोगी समजून आलेखाबाहेर राहिली. खरे शून्य गाळणे हे खोटे शून्य भरण्याइतकेच अनर्थकारक असते.

तिसरा प्रसंग अलीकडचा. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात इंग्लंडमधील कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद राष्ट्रीय आकडेवारीत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती स्प्रेडशीटच्या जुन्या नमुन्यात घेतली जात होती. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाही, आणि एकेका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. मर्यादा भरली, की पुढच्या ओळी मुकाट्याने गळत होत्या. रुग्णांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करण्याचे काम तेवढे दिवस लांबले. साथीत प्रत्येक दिवस मोलाचा असतो. आलेखाची रेषा मात्र त्या आठवड्यात अखंड होती. आलेल्या ओळींची संख्या आणि दाखल झालेल्या ओळींची संख्या रोज ताडून पाहिली असती, तर पहिल्याच दिवशी चूक सापडली असती. मोजदादीत ग्रंथपाल करतो ते हेच.

तपासणीचा क्रम

या सर्वांतून नव्या अभ्यासकासाठी एक साधा क्रम निघतो. चित्र बिघडले म्हणजे प्रथम चित्रास हात लावू नये. आधी संदेशातील नाव वाचावे आणि कोणती फाईल सापडत नाही ते ठरवावे. मग फाइलीचा आकार गुणाकाराने पडताळावा. नंतर एकच ठिकाण आणि एकच दिवस निवडून तेथील आकडा फाइलीतून जसाच्या तसा छापून पाहावा, आणि त्या दिवसाच्या दुसऱ्या एखाद्या विश्वसनीय नोंदीशी ताडावा. जाळीवरील आकडा गणिताने काढलेला असल्यामुळे तो एखाद्या केंद्राच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही. पण मुसळधार पावसाचा दिवस येथे कोरडा दिसता कामा नये. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा कोणता, आणि कोऱ्या जागा किती, हेही विचारावे. एवढे झाल्यावरच रंग, रेषा आणि शीर्षके यांकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा. नाही तर चित्र सुधारले तरी ते कशामुळे सुधारले हे कळत नाही. मूळ फाईल कधीही बदलू नये. जो काही संस्कार करावयाचा तो तिच्या प्रतीवर करावा.

आणि आलेखात जेथे नोंद नाही तेथे रेषा तुटू द्यावी. तुटलेली रेषा पाहून परीक्षक नाराज होईल, अशी भीती विद्यार्थ्यांस वाटते. तुटलेल्या रेषेखाली ‘या दिवसांची नोंद उपलब्ध नाही’ असे लिहिणाऱ्यावर जाणता परीक्षक अधिक विश्वास ठेवतो.

बेळगावच्या त्या कल्पित विद्यार्थिनीचा नकाशा अशा रीतीने पुरा झाला, तर त्यात अरबी समुद्र कोरा असेल, काही दिवसांच्या रेषा तुटलेल्या असतील, आणि घाटमाथ्याकडून गोकाककडे उतरणारा पाऊस त्याच्या खऱ्या जागी असेल. तिच्यानंतर येणारा अभ्यासक त्या कोऱ्या जागा पाहील आणि तेथल्या नोंदी शोधू लागेल. कोठे तालुक्याच्या कचेरीत, कोठे एखाद्या जुन्या मळ्याच्या दप्तरात त्या पडलेल्या असू शकतात. तेथे शून्य भरलेले असते, तर शोध घेण्याचे कारणच उरले नसते.

ग्रंथालयांच्या जुन्या नोंदवह्यांतही ‘आढळले नाही’ असा शेरा असलेले क्रमांक असतात. त्यांच्यापुढची जागा पुढच्या पिढीसाठी मोकळी असते, आणि कधी कधी दिवंगत सभासदाचे घर आवरताना त्याचे वारस एखादे पुस्तक आणून देतात, तेव्हा तो क्रमांक पुन्हा भरला जातो. नोंद खोडलेली नसते, म्हणूनच ते पुस्तक या ग्रंथालयाचे आहे हे ओळखता येते. शंभर वर्षे अशी नोंद राखणाऱ्या संस्थांच्या सभासदांनी आपल्या मुलानातवंडांच्या संगणकावरील आलेखाकडे पाहताना एवढेच विचारावे : यात काय आढळले नाही, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे?